एकशेवीस गुंठ्यांतले सहा : आमच्या शाळेच्या संचालक मंडळाला खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि संचालक मंडळातले सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

महालक्ष्म्यांची सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी पहाटे पावणेसहाला मी मैदानावर आलो, तेव्हा बास्केटबॉलच्या कोर्टवर फक्की, म्हणजे आखणीची पांढरी पूड, पडलेली होती. अंधार पुरता फिटला नव्हता. आधी वाटलं, कुणाचं तरी रांगोळीचं पोतं सांडलंय. मोबाइलचा उजेड टाकला तर सरळ रेघ दिसली, दोरी धरून मारलेली. रस्त्याकडच्या तारेच्या कुंपणापासून निघून ती उत्तरेच्या रिंगखाली शिरली होती आणि फ्री थ्रोच्या रेषेला तिरकी कापून पलीकडं गेली होती. चार कोपऱ्यांना चार खुंट्या ठोकलेल्या. सहाला पोरी आल्या. दप्तरं भिंतीला टेकवून त्या रेघेभोवती गोळा झाल्या. एकीनं विचारलं, "सर, कुणी नवीन खेळ आखायलंय का?"

मला उत्तर देता आलं नाही. दुपारी शिपायानं सांगितलं, रस्त्याच्या कडेनं गाळे निघणार आहेत, एकवीस, आणि कोर्टवर गाड्या लावायची सोय होणार आहे. सात वर्षं या मैदानावर मी पोरं घडवतोय आणि ही बातमी मला शिपायानं सांगितली. शिपायाला ठेकेदाराच्या माणसानं सांगितली होती. म्हणजे आपल्या शाळेबद्दलची माहिती रस्त्यावरून आत येते.

त्याच दिवशी मी कार्यालयात अर्ज दिला. आवक शिक्का मारलेली प्रत माझ्याकडं आहे. आठ दिवस झाले, उत्तर नाही. सचिव साहेबांना फोन केला. त्या फोनवर जे बोलणं झालं त्यातलं एक वाक्य पुढं येईलच. बंद पाकिटातलं पत्र फायलीत जातं हे मला कळून चुकलंय, म्हणून हे उघडं लिहितो. पालकांनी वाचावं, माजी विद्यार्थ्यांनी वाचावं. आपल्यापैकी दोघे जण माझ्या आधी याच कोर्टवर खेळलेत. त्यांनी तर दोनदा वाचावं. एकाचा डावा हात असा होता की आम्ही लहान पोरं शाळा सुटल्यावर मुद्दाम बघायला थांबायचो. साहेब, रिंगखाली धावत जाऊन चेंडू टाकायचा तो ले-अप मी तुमचाच बघून शिकलो.

मी कोण, हे गावाला माहीत आहे, पण पत्र गावाबाहेरही जाईल म्हणून थोडक्यात सांगतो. किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या वर्षी मी या शाळेत पाचवीत आलो. घर कोरडवाहू. खेळ म्हणजे कबड्डी आणि विहिरीत उड्या. त्या काळात शारीरिक शिक्षणाचे एक सर होते, आता निवृत्त आहेत. त्यांनी लोकवर्गणी करून हे कोर्ट ओतून घेतलं. रिंगा ट्रॉल्या बनवणाऱ्या वर्कशॉपमधून वेल्डिंग करून आणल्या. पहिल्या वेळी मिस्त्रीनं त्या हाताला बऱ्या वाटल्या म्हणून चार बोटं मोठ्या केल्या होत्या. सरांनी परत नेल्या. "पंचेचाळीस सेंटिमीटर म्हणजे पंचेचाळीस," म्हणाले. "इथं सवलत घेतली की बाहेर जाऊन पोरगं रडतंय." जमिनीपासून तीन मीटर पाच सेंटिमीटर उंची त्यांनी ओळंबा सोडून मोजली होती. मी पुढं पुण्यात, हैदराबादेत, चेन्नईत चांगल्या लाकडी कोर्टवर खेळलो. रिंग कुठंच मला परकी वाटली नाही, कारण आपली बरोबर होती.

बारावीनंतर पुण्याला गेलो. कॉलेजकडून खेळलो, मग एका कंपनीच्या संघात वर्षावर्षाच्या करारावर. तिथं खेळाडूला महिन्याला स्टायपेंड मिळतो, सकाळ-संध्याकाळ सराव, दुपारी थोडं ऑफिस. २०१५ साली देशात यूबीए नावाची व्यावसायिक लीग सुरू झाली, आठ संघांची. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो, म्हणजे या खेळात म्हाताराच, तरी घेतलं. दोन मोसम खेळलो. खेळण्यासाठी सही करून पैसे घेतले असा आपल्या तालुक्यातला मी बहुधा पहिलाच. पुढं उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, आणि २०१७ नंतर ती लीगही भरली नाही. २०१८ मध्ये गावी आलो. तेव्हापासून सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते साडेसहा मी या कोर्टवर असतो.

आता ते वाक्य. सचिव साहेब, तुम्ही फोनवर म्हणालात, "बास्केटबॉल खेळून कुणाचं पोट भरलंय? तुमचंच बघा की."

मला राग आला नाही असं म्हणणं खोटं होईल. रात्री झोप लागली नाही. पण सकाळी विचार केला की प्रश्न रास्त आहे, उत्तर दिलं पाहिजे. तर उत्तर असं : माझं पोट फार भरलं नाही. जे मिळालं त्यातून बहिणीचं लग्न झालं, दोन खोल्या बांधल्या आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालं. उरलं काहीच नाही. पोरांना मी हे लपवत नाही. माझ्यासारखे व्हा असं मी एकाही पोराला आजवर म्हणालेलो नाही. लीग बंद पडते, गुडघा तुटतो, हे सगळं मी त्यांना सांगतो आणि मग ड्रिबल, म्हणजे चेंडू आपटत न्यायला लावतो.

पण साहेब, शाळेत इतिहास शिकवतो तो काय सगळ्यांनी इतिहासकार व्हावं म्हणून? कविता पाठ करून घेतो त्यातून कुणाचं पोट भरतं? पोटाचा हिशोब फक्त खेळाच्याच तासाला का लागतो, हे मला कधी कळलेलं नाही. आणि तोच हिशोब लावायचा तर लावू. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. राज्य, राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात. आपल्या संघातली एक मुलगी आज पोलीस शिपाई आहे. ती आरक्षणातून नाही लागली, सर्वसाधारण भरतीतून लागली. मैदानी चाचणीत आठशे मीटर पळायचं होतं. ती मला म्हणाली, "सर, तुम्ही बेसलाइनपासून बेसलाइनपर्यंत पळवायचा त्याच्यापुढं ते काहीच नव्हतं." आपण तिचा शाळेत सत्कार केलात. शाल तुमच्याच हातची होती.

सत्काराचं निघालंच आहे म्हणून. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊन आला तेव्हा आपल्या चौकात बॅनर लागलं होतं. केज तालुक्यातल्या कळंब आंब्याच्या प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला, तेव्हा दुसरं लागलं. दोन्ही बॅनरवर संचालक मंडळाचे फोटो होते. ते असायला माझी हरकत नाही, अभिमान सगळ्यांचाच. पण बॅनर लावायला जागा आहे आणि पळायला नाही, असं व्हायला नको.

आता माझ्या तक्रारी. पहिली आणि मोठी तक्रार जागेची आहे, म्हणून तिथं जरा थांबतो.

बास्केटबॉलचं कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असतं. चारी बाजूंनी दोन-दोन मीटर मोकळी जागा धरली तर ३२ बाय १९. गुणाकार करा, ६०८ चौरस मीटर होतात. शेतकऱ्याच्या भाषेत सहा गुंठे. शाळेचं मैदान सातबाऱ्यावर तीन एकर, म्हणजे एकशेवीस गुंठे. एकशेवीसातले सहा आम्हाला पुरतात. गाळ्यांना विरोध करायला मी आलेलो नाही. संस्थेला पैसा लागतो, अनुदान वेळेवर येत नाही, छपरं गळतात, मला सगळं दिसतं. पण रस्त्याला लागून जुन्या वसतिगृहाची पडकी इमारत आहे. पत्रे उडालेत, आत रुई आणि बाभळी माजल्यात, संध्याकाळी तिथं कोण बसतं ते शिपायाला विचारा. मी स्वतः टेप लावून मोजलं. रस्त्याकडची बाजू एकोणपन्नास मीटर भरली. दुकानं तिथं निघू शकतात आणि गाड्याही तिथंच मागं लागू शकतात. ही जागा सोडून नेमकं ओतलेलं, आखलेलं, रोज झाडलं जाणारं कोर्टच कसं दिसलं? माझा अंदाज सांगू? ते सपाट आहे म्हणून. पार्किंगसाठी मुरूम टाकायचा खर्च वाचतो म्हणून. अंदाज चूक असेल तर मी जाहीर माफी मागेन, पण ठराव दाखवा.

हे कोर्ट सपाट आहे असं म्हटलं खरं, पण तेही पूर्ण खरं नाही. २०१६ च्या दुष्काळात, लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं त्या उन्हाळ्यात, आपल्या गावचे टँकर याच कोर्टवर उभे राहायचे. मी तेव्हा गावात नव्हतो, माय सांगते. माझी माय चार-चार तास रिंगमागच्या याच बोर्डाच्या सावलीत घागरी लावून बसायची. टँकरच्या वजनानं दक्षिणेच्या रिंगपासून डाव्या अंगाला सिमेंट खचलं. मी दर जूनमध्ये चिरा भरतो, तरी दोन हातांचा एक तुकडा बसलेला तो बसलेलाच. त्यावर चेंडू पडला की उसळत नाही, मेल्यासारखा राहतो. आमच्या पोरींना ती जागा तोंडपाठ आहे. बाहेरचा संघ सरावाला आला की या डिफेन्स असा लावतात की समोरचीला बरोबर त्याच कोपऱ्यात जाऊन ड्रिबल करावं लागतं. चेंडू हातात परत येत नाही, ती गोंधळते, आमची उचलून पळते. मी हे शिकवलेलं नाही. शोभतं का हे, असं एकदा दरडावलंही. पण खरं सांगायचं तर मनातून हसू येत होतं. दुष्काळानं दिलेला खड्डा पोरींनी कामाला लावला.

ते कोर्ट तुम्ही एका फक्कीच्या रेघेत निकालात काढलंत. ना मुख्याध्यापकांना विचारलं, ना पालक-शिक्षक संघाला, ना मला. पाचवी ते आठवीचे वर्ग आपल्याकडं आहेत. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण हवं असं लिहिलेलं आहे. दर वर्षी शाळांच्या सरकारी नोंदीत, यू-डायसच्या माहितीत, आपण "क्रीडांगण आहे" असं भरतो. पुढच्या वर्षी काय भरायचं ते एकदा ठरवून ठेवलेलं बरं.

फोनवर असंही सुचवलं गेलं की पोरांना तालुका क्रीडा संकुलात न्या. संकुल गावापासून चार किलोमीटर आहे. फलक आहे, कमान आहे, आत कोर्टच्या जागी गुडघाभर गवत आहे. पहाटे सहाला तेरा वर्षांच्या मुलीला चार किलोमीटर कोण सोडणार? तिचा बाप? तो कुठं असतो ते सांगतो.

आमच्या सतरा वर्षांखालच्या संघात बारा मुली आहेत. त्यातल्या सात ऊसतोड मजुरांच्या. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, दसरा झाला की टोळ्या निघतात. कुणी कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. येतात ते उन्हाळ्यातच. आणि शालेय स्पर्धा नेमक्या याच हंगामात. जिल्हा झाली की विभाग, विभाग जिंकला की राज्य. दर वर्षी मी या सात घरांत जातो. चहा होतो, मग आई म्हणते, "सर, धाकट्याला कोण बघंल फडावर? हिला न्यावंच लागतंय." मी म्हणतो, विभागीय होईस्तोवर आजीजवळ ठेवा. कधी ऐकतात, कधी नाही. गेल्या वर्षी सातातल्या पाच राहिल्या. त्यातली एक आमची पॉइंट गार्ड, म्हणजे संघाचा खेळ चालवणारी. तिच्या चुलत्यानं पाहुणे बघायला बोलावले होते, ती पंधरा वर्षांची. मी आणि वर्गशिक्षिका बाई दोघं जाऊन बसलो, कायदा सांगितला, तो त्यांना माहीतच होता. मग आजी मध्येच म्हणाली, "तिची मॅच हाय म्हणं. मॅच होऊ द्या आधी." मॅच झाली, मग दुसरी झाली, मग परीक्षा आली. आता ती दहावीत आहे.

बास्केटबॉलनं बालविवाह थांबतात असा दावा मी करत नाही. एका वर्षी थांबला नाही, तेही मला ठाऊक आहे. ती मुलगी चौदाची होती आणि रिबाउंडला, म्हणजे रिंगवरून परत आलेला चेंडू धरायला, तिच्यासारखं उडी मारणारं नंतर कुणी मिळालं नाही. मी एवढंच म्हणतो की पहाटे सहाला या कोर्टवर हजेरी होते. एखादी दोन दिवस आली नाही की तिसऱ्या दिवशी कुणीतरी तिच्या दारात जाऊन उभं राहतं. गाळ्यांच्या पार्किंगमध्ये ही हजेरी कोण घेणार?

दुसरी गोष्ट तासिकांची. वेळापत्रकाचा कागद कार्यालयाबाहेर चिकटवलेला आहे. त्यात आठवी, नववी, दहावीला शारीरिक शिक्षणाच्या तासिका आहेत. प्रत्यक्षात जूनपासून त्या तासांना प्रवेश परीक्षेच्या तयारीची फाउंडेशनची बॅच बसते. लातूर पॅटर्नला माझा विरोध नाही. माझा सख्खा भाचा लातूरला क्लासला आहे, डॉक्टर झाला तर पेढे मीच वाटणार. पण न झालेल्या तासांची श्रेणी आपण प्रगतिपुस्तकात देतो. "आरोग्य व शारीरिक शिक्षण : अ". कसला अ? गेल्या वर्षी या श्रेणींच्या तक्त्यावर सही करायला मला बोलावलं, मी केली नाही, तेव्हापासून माझ्याबद्दल नाराजी आहे हे मला कळतं. ज्या तासाला आपल्याकडं मोकळा तास म्हणतात, त्याच तासातून हा खेळ जन्मला. १८९१ साली अमेरिकेत जेम्स नाइस्मिथ नावाच्या शारीरिक शिक्षणाच्या मास्तराला हिवाळ्यात बंद हॉलमध्ये दंगा करणाऱ्या पोरांना काहीतरी खेळायला द्यायचं होतं. त्यानं पीचच्या फळांच्या दोन टोपल्या हॉलच्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. त्याच्या संस्थेनं तो तास गणिताला दिला असता तर आज हे पत्रही लिहावं लागलं नसतं, असं आपण म्हणू शकता.

तिसरं, पैसे. प्रत्येक विद्यार्थ्याकडून क्रीडा शुल्क घेतलं जातं. पावतीवर तसं छापलेलं आहे. सात वर्षांत त्यातून संघाला काय मिळालं ते मी सांगतो, कारण यादी छोटी आहे : सहा चेंडू, एकदा टी-शर्ट, एक पंप. सहातले चार चेंडू शिल्लक आहेत, त्यातला एक सात नंबरचा, म्हणजे मुलांचा. मुली सहा नंबरनं खेळतात. चामड्याचे चेंडू सिमेंटवर टिकत नाहीत म्हणून आम्ही रबरीच मागतो, तेही महाग नसतात. विभागीय स्पर्धेला आम्ही भाजीच्या टेम्पोतून गेलो. परत येताना त्यात कोथिंबिरीच्या रिकाम्या क्रेट होत्या, पोरी त्यांवर झोपल्या. माझ्यावर अफरातफरीचा संशय घेतला तर मी हिशोब देईन, माझ्याकडं वहीत आहे. तसाच आपलाही असेल.

चौथी तक्रार लिहायला लाज वाटते. मैदानाजवळच्या मुलींच्या स्वच्छतागृहाला शाळा भरायच्या आधी आणि सुटल्यानंतर कुलूप असतं. किल्ली कार्यालयात, कार्यालय साडेदहाला उघडतं. पोरी सहाला येतात. बाकी मी काही लिहीत नाही.

माझ्या मानधनाचा या पत्राशी संबंध नाही. ते सात महिन्यांचं थकलंय, त्याचा अर्ज वेगळा दिलेला आहे. कुणी म्हणेल सर पैशासाठी बोंबलतायत, म्हणून आधीच सांगून ठेवतो. मी नको असेन तर दुसऱ्याला नेमा. खरंच. गुडघा माझा तसाही पायऱ्या चढू देत नाही. जो कुणी येईल त्याला मी किल्ल्या, शिट्टी, वही आणि चिरा भरायचं प्रमाण लिहून देईन. पण त्याला उभं राहायला कोर्ट लागेल.

तर मागण्या. कोर्टवर गाळे किंवा पार्किंग करायचा ठराव झाला असेल तर त्याची प्रत सूचनाफलकावर लावा, आणि पालक, शिक्षक, माजी विद्यार्थी यांच्यासमोर चर्चा होईपर्यंत काम थांबवा. जुन्या वसतिगृहाच्या जागेची मोजणी संस्थेच्या इंजिनिअरकडून करून घ्या. माझ्या टेपवर विश्वास ठेवू नका. सगळं बघूनही कोर्टची जागाच लागणार असेल, तर आधी याच आवारात दुसरं कोर्ट ओता, रिंगा बसवा, त्यावर एक पूर्ण मोसम खेळून होऊ द्या आणि मग जुनं तोडा. आधी तोडू, मग बघू, हे आम्हाला चालणार नाही. आपल्याकडं 'मग बघू'चं काय होतं ते त्या संकुलाच्या कमानीखाली उभं राहून दिसतं.

वेळापत्रकात छापलेल्या शारीरिक शिक्षणाच्या तासिका घेतल्या जाव्यात, नाहीतर त्यांची श्रेणी देणं बंद करावं. दोन्हीपैकी एक. सकाळी आठ ते दहा या वेळेत वर्गखोल्या रिकाम्या असतात, फाउंडेशनच्या बॅचसाठी त्या वेळेचा विचार व्हावा. क्रीडा शुल्क किती जमलं आणि कुठं खर्च झालं, याचा मागच्या तीन वर्षांचा हिशोब फलकावर लावावा. आणि यंदा विभागीय स्पर्धेला गेलो तर मुलींना एसटीनं न्यावं, टेम्पोनं नाही. एवढंच. माझ्या मते यातली एकही मागणी अवास्तव नाही, वाटली तर कुठली ते सांगावं.

एक गोष्ट पालकांसाठी. काही जणांनी मला सांगितलं की फक्की पुसून टाकू, खुंट्या उपटू, रात्रीतून काम होईल. कृपा करून असं काही करू नका. रेघ मी तशीच ठेवली आहे. पोरी तिच्यावरूनच खेळतात. पहिल्या दिवशी अडखळत होत्या, आता तिची सवय झाली. फ्री थ्रो मारताना एकीचा पाय चुकून त्या तिरक्या रेघेला जाऊन लागला, तेव्हा बाकीच्या ओरडल्या, "फाउल! गाळ्यात गेलीस!" हसल्या सगळ्या. मी हसलो नाही, पण शिट्टीही वाजवली नाही.

१७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला आपण सगळे येणारच आहात. दर वर्षी झेंडावंदन झालं की मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा असतो. या वेळी चहा कोर्टवर घ्यावा अशी विनंती आहे. खुर्च्या मी मांडतो. पंधरा मिनिटं पुरतील. टेप माझ्याकडं आहे, एक टोक आपण धरा, एक मी धरतो, वसतिगृहाची जागा मोजू. ज्या साहेबांचा डावा हात मी मघाशी आठवला, त्यांनी वाटलं तर एक ले-अप मारून बघावा. रिंग अजून पंचेचाळीसचीच आहे.

आपला,
या शाळेचा माजी विद्यार्थी आणि बास्केटबॉल प्रशिक्षक

ता. क. : स्वच्छतागृहाची किल्ली तेवढी उद्याच द्यावी. तिला ठराव लागत नाही.